पडद्यापुढची दाद

हिप-हॉपच्या मैफलीवरचा चित्रपट थिएटरात चालू असताना पुष्कळदा एक गोष्ट घडते. पडद्यावरचा रॅपर हात वर करायला सांगतो, पडद्यावरची गर्दी हात वर करते आणि थिएटरातल्या खुर्च्यांमधूनही काही हात वर जातात. गाणे संपले की टाळ्या पडतात. ज्याला उद्देशून त्या पडतात तो माणूस तेथे नसतो. मैफल केव्हाच दुसऱ्या गावी होऊन गेलेली असते आणि या टाळ्यांनी तिच्यात काडीचीही भर पडत नाही. तरी टाळ्या वाजवणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. हा प्रेक्षक मैफलीला हजर होता असे म्हणायचे का, आणि नसेल तर तो कशाला हजर होता, हा उपस्थितीविषयीचा तात्त्विक प्रश्न आहे. चित्रपटाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून धर्मांनी तो हाताळला आहे. उपासनेला देहाने हजर असावे लागते का, प्रतिमेसमोर उभे राहणे म्हणजे कोणासमोर उभे राहणे, ही त्याचीच रूपे.

हिप-हॉपच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोचतो, कारण ही कला गर्दीशी बोलण्यातूनच जन्मली. तिची जन्मतारीख म्हणून ११ ऑगस्ट १९७३ सांगतात. त्या दिवशी न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, १५२० सेज्विक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत, क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने बहिणीने भरवलेल्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. (एखाद्या कलाप्रकाराची जन्मतारीख इतकी नेमकी सांगता यावी हे जरा संशयास्पदच; पण जयंत्या साजऱ्या करायला बरे.) गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की नाचणाऱ्यांना चेव येतो हे हर्कने हेरले होते. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो हा तुकडा लांबवू लागला. माइक धरणाऱ्या एमसीचे काम सुरुवातीला काव्य म्हणण्याचे नव्हते. जमलेल्यांना हाका मारणे, त्यांची नावे घेणे, त्यांना नाचते ठेवणे एवढेच होते. लांबलचक रचना मागाहून आल्या.

हाक आणि प्रतिसादाची ही घडण आफ्रिकन-अमेरिकन चर्चमध्ये आधीपासून होती. तेथे प्रवचन चालू असताना मंडळी मध्येच होकार देतात, आरोळी ठोकतात, आणि त्या जोरावर प्रवचनकाराची लय चढते. मंडळी गप्प राहिली तर प्रवचन पडते. वारकरी कीर्तनात बुवा निरूपण थांबवून नामाचा गजर धरतात आणि टाळकऱ्यांबरोबर श्रोतेही तो उचलतात, तो प्रकार याच जातीचा. अशा ठिकाणी श्रोता कार्यक्रमाचाच घटक असतो आणि त्याच्या प्रतिसादाने समोर चाललेले बदलते. हिप-हॉपची उपस्थितीची कसोटी हीच म्हणता येईल: ज्याच्या असण्याने काही फरक पडतो तो हजर.

मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘डेव्ह शपेल्स ब्लॉक पार्टी’ हा चित्रपट या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे. विनोदी नट डेव्ह शपेल याने १८ सप्टेंबर २००४ रोजी ब्रुकलिनमध्ये, क्विन्सी स्ट्रीट आणि डाउनिंग स्ट्रीट यांच्या नाक्यावर, भर रस्त्यात मंच उभारून मैफल भरवली. ती फुकट होती. जागा आधी जाहीर केलेली नव्हती. बऱ्याच लोकांना बसमधून तेथे नेण्यात आले. शपेल ओहायो राज्यात राहतो. तेथल्या आपल्या घराच्या आसपास हिंडून त्याने रस्त्यात भेटेल त्याला आमंत्रण दिले आणि तिकडच्याच सेंट्रल स्टेट विद्यापीठाचा बँड सगळाच्या सगळा न्यू यॉर्कला आणला. रॅपर कान्ये वेस्टने आपले येशूविषयीचे गाणे म्हटले ते या बँडच्या साथीने. मॉस डेफ, तालिब क्वेली, कॉमन, डेड प्रेझ, एरिका बडू, जिल स्कॉट अशी मंडळी येऊन गेली, द रूट्स या वाद्यवृंदाने साथ केली, आणि अखेरीस कित्येक वर्षांपूर्वी फुटलेले फ्यूजीज हे त्रिकूट पुन्हा एकत्र उभे राहिले. त्यांतली लॉरिन हिल खरे तर एकटीच गाणार होती, पण तिची स्वतःची गाणी चित्रपटात घेण्यास रेकॉर्ड कंपनीची आडकाठी आली आणि त्या अडचणीतून हे पुनर्मीलन घडले.

त्या दिवशी पाऊस होता. नाक्यावर उभे असलेले लोक भिजले, आणि पुढे कोण येणार हे त्यांना ठाऊक नव्हते. थिएटरातला प्रेक्षक कोरडा बसतो आणि दिवसभराचा कार्यक्रम पावणेदोन तासांच्या आत उरकतो. पण तो काही कमी पाहतो असे नाही. गोंद्रीने मैफलीचा क्रम मोडून तिच्यात ओहायोतली भटकंती आणि तालमी अशा विणल्या आहेत की आमंत्रण देण्याचा क्षण आणि ते घेऊन आलेल्याचा चेहरा शेजारी शेजारी येतात. नाक्यावरच्या एकाही माणसाला ही जोडणी दिसलेली नव्हती. शिवाय चित्रपट अमेरिकेत मार्च २००६ मध्ये लागला, तोवर बरेच पाणी वाहून गेले होते. २००५ मध्ये शपेल आपली तुफान चाललेली दूरचित्रवाणी मालिका अर्ध्यावर टाकून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला होता. चित्रपटातल्या अनेक कलाकारांचा जिवलग असलेला संगीतकार जे डिला १० फेब्रुवारी २००६ रोजी वारला, आणि चित्रपट त्याच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला. नाक्यावर जे निखळ हसू होते ते पडद्यावर येईपर्यंत मागे वळून पाहिलेले हसू झाले होते. प्रेक्षकाला मैफलीविषयी हजर माणसापेक्षा जास्त कळते. फरक पाडण्याचा अधिकार मात्र त्याच्यापाशी नाही. इतिहासकाराची स्थिती अशीच असते, आणि इतिहासकार आपल्या विषयाला टाळ्या वाजवत नाही.

लॉरिन हिल तेथे ‘किलिंग मी सॉफ्टली’ गाते तेव्हा या गुंत्याला आणखी एक पदर सुटतो. रोबर्टा फ्लॅकने १९७३ मध्ये आणि फ्यूजीजने १९९६ मध्ये गाजवलेले हे गाणे एका श्रोत्याच्याच तोंडी आहे. अनोळखी गायक आपलेच आयुष्य गातो आहे असे तिला वाटते. म्हणजे थिएटरात बसलेला श्रोता, पडद्यावर भिजणाऱ्या श्रोत्यांच्या खांद्यावरून, एका श्रोत्याची कहाणी ऐकत असतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या प्रश्नाची चर्चा वॉल्टर बेंजामिन याच्या १९३० च्या दशकातल्या निबंधापासून करण्याचा प्रघात आहे. कलाकृतीला एका जागी, एका वेळी असण्याचे जे वलय असते ते यांत्रिक प्रतींत विरते, आणि कलेचे मूळ पूजाविधीत असल्याने हे विरणे म्हणजे विधीपासून सुटका होय, असे त्याचे म्हणणे. या प्रश्नाला त्याहून उपयोगी पडतो तो अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल. ‘द वर्ल्ड व्ह्यूड’ या १९७१ च्या पुस्तकात त्याने आवाज आणि दृश्य यांतला भेद नेमका पकडला. ध्वनिमुद्रण आवाजाची नक्कल देते असे म्हणता येते, कारण आवाज ही आपल्या उगमापासून सुटून ऐकणाऱ्यापर्यंत येणारी गोष्ट आहे; छायाचित्र वस्तूच्या ‘दृश्याची’ नक्कल देते असे म्हणू लागले की पंचाईत होते, कारण वस्तूपासून सुटे होऊन येणारे असे तिचे दृश्य कोठे नसतेच. पडद्यावरचे जग प्रेक्षकाला दिसते, पण त्या जगाला प्रेक्षक नसतो. चित्रपटाचे यंत्रच त्याची गैरहजेरी पक्की करते.

थिएटरात याचा परिणाम अंगावर जाणवतो. मोठ्या थिएटरांत सुमारे १२० हर्ट्झच्या खालच्या खर्जासाठी ध्वनीचा वेगळा मार्ग आणि वेगळे स्पीकर असतात. हिप-हॉपचा कणा याच पट्टीत आहे. रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या १९८० च्या तालयंत्राचा घुमारा ऐकण्याइतकाच छातीवर झेलण्याचा असतो. पडद्यावरचा पाऊस कोणाला भिजवत नाही. स्पीकरमधला खर्ज मात्र खोलीतली खरी हवा हलवतो आणि खरी बरगडी थरथरवतो. डोळ्यांच्या बाबतीत प्रेक्षक ब्रुकलिनबाहेर राहतो. कानाच्या आणि हाडांच्या बाबतीत त्याच्यावर काहीतरी आत्ता, येथे घडत असते. हात आपोआप वर जाण्याचे अर्धे उत्तर एवढ्यातच आहे.

उरलेल्या अर्ध्याकडे वळण्यापूर्वी एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. अस्सल मैफल आणि तिची प्रत हा भेद हिप-हॉपला मुळात लागू पडतो का? हर्कच्या त्या पार्टीत एकही वादक नव्हता. जे वाजत होते ते इतर ठिकाणी, इतर वेळी मुद्रित झालेले होते. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या १९७० च्या ध्वनिमुद्रिकेतला क्लाइड स्टबलफील्डचा काही सेकंदांचा ताल पुढे अगणित गाण्यांखाली धावला. त्यांतल्या बहुतेक वेळी स्टबलफील्ड खोलीत नव्हता. गैरहजर माणसाचे वाजवणे जिवंत नाचाखाली घालणे हीच या कलेची पहिली युक्ती. तेव्हा प्रतीला दाद देण्यात अनैसर्गिक काही आहे अशी तक्रार निदान हिप-हॉपवाल्याने करू नये. तरीही आक्षेप पुरता टिकत नाही. हर्कची रेकॉर्ड मृत होती, पण हर्क नाचणाऱ्यांकडे पाहत होता. तुकडा आणखी किती लांबवायचा हे त्यांचे पाय ठरवत. प्रोजेक्टरला असे कोणाचे पाय दिसत नाहीत.

धर्मपरंपरांनी उपस्थितीच्या अटी ठरवताना हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी सोडवला आहे. कॅथलिक शिकवणुकीत, जो चर्चला जाऊ शकतो त्याने रविवारची मिस्सा दूरचित्रवाणीवर पाहिली तर त्याचे कर्तव्य पुरे होत नाही. संस्कार देहाने घ्यायचा असतो. पण पोप रोमच्या सज्जातून शहराला आणि जगाला जो आशीर्वाद देतात तो, आणि त्यासोबतची पापदंडमाफी, दूरचित्रवाणीवरूनही मिळते असे १९८५ मध्ये मान्य करण्यात आले, मात्र थेट प्रक्षेपण असेल तर. तेथे जागा सैल केली आणि काळ घट्ट ठेवला. सामूहिक नमाजासाठी बहुतेक इस्लामी विधिज्ञांनी जागाही सोडली नाही: इमामामागे रांगा जुळलेल्या हव्यात, पडद्यावरचा इमाम चालत नाही. उलट अमेरिकेतल्या पेन्टेकोस्टल पंथात ओरल रॉबर्ट्स १९५० च्या दशकात प्रेक्षकांना दूरचित्रवाणी संचावर हात ठेवून प्रार्थनेत सामील व्हायला सांगत असे.

हिंदू दर्शनकल्पना यांहून निराळी आहे. दर्शनात पाहणे दुहेरी असते, भक्त देवाला पाहतो आणि देव भक्ताला. आणि मूर्ती, तसबीर किंवा कॅलेंडरवरचे चित्र यांतले कोणतेही आसन देवाला चालते. म्हणूनच प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधल्या विष्णुपंत पागनीसांना लोक तुकोबांच्या ठायी मानू लागले, आणि १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा प्रेक्षकांनी थिएटरबाहेर चपला काढल्या, पडद्यावर फुले आणि नाणी उधळली. चित्रीकरण कधी झाले याला तेथे महत्त्व नव्हते, कारण देवी त्या चित्रीकरणाच्या दिवसाला बांधलेली नव्हती. प्रत्येक खेळाला ती नव्याने येऊ शकत होती. रॅपरला ही सोय नाही. तो एका तारखेला एका नाक्यावर उभा असलेला मर्त्य माणूस आहे आणि पडद्यावरून तो परत पाहत नाही. चाहत्यांच्या वेडाला सरसकट ‘भक्ती’ म्हणून मोकळे होणारे लेखक हा फरक गिळून टाकतात. हिप-हॉपची मैफल दर्शनापेक्षा संस्काराच्या जवळची आहे. तिला देह आणि वेळ दोन्ही लागतात.

कान्ये वेस्टचा ‘जीझस इज किंग’ हा आयमॅक्स चित्रपट या सीमेवरच उभा आहे. २५ ऑक्टोबर २०१९ रोजी, त्याच नावाच्या अल्बमबरोबर, तो प्रदर्शित झाला. निक नाइटने दिग्दर्शित केलेल्या या अर्ध्या तासाच्या चित्रपटात वेस्ट भरवत असलेल्या रविवारच्या उपासनेतला गायकवृंद ॲरिझोनातल्या रोडन क्रेटरमध्ये गातो. हा विझलेला ज्वालामुखी आहे. जेम्स टरेल हा कलावंत १९७० च्या दशकापासून त्याच्या पोटात प्रकाश पाहण्याची दालने कोरतो आहे. चित्रपटात श्रोत्यांची गर्दी नाही. ‘ब्लॉक पार्टी’त प्रेक्षक दुसऱ्यांची दाद पाहतो, येथे दाद द्यायला त्याच्याखेरीज कोणी नाहीच. पण समोर आयमॅक्सचा अवाढव्य पडदा आणि पवित्र गीते असूनही थिएटरातले बहुतेक लोक पॉपकॉर्न धरून गप्प बसण्याचीच शक्यता जास्त. उपासनेचे सगळे साहित्य हजर असून उपासक ठरवणारा इशारा कोणी दिलेला नसतो.

येथे प्रार्थनेचा विचार अटळ ठरतो. प्रार्थनाही अशीच हाक आहे जिचे ऐकले जाणे सिद्ध करता येत नाही. ‘ज्याच्या असण्याने फरक पडतो तो हजर’ ही कसोटी काटेकोर लावली तर देवळातल्या माणसाची उपस्थितीही संशयास्पद होईल. पण दोघांच्या मनःस्थितीत भेद आहे. प्रार्थना करणारा ऐकणारा आहे असे मानतो. थिएटरात टाळ्या वाजवणाऱ्याला ऐकणारा नाही हे पक्के माहीत असते. त्याला भ्रम झालेला नाही, आणि श्रद्धाही नाही. मग त्याच्या टाळीचा पत्ता कोणता?

बीस्टी बॉईज या त्रिकुटाने ९ ऑक्टोबर २००४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केलेल्या मैफलीवरचा चित्रपट या पत्त्याकडे बोट दाखवतो. तिघांपैकी ॲडम याउक याने टोपणनावाने त्याचे दिग्दर्शन केले. त्याने प्रेक्षकांत ५० कॅमेरे वाटले आणि सूचना एकच दिली, चित्रण थांबवू नका. चित्रण हलते, डोक्यांआड जाते; एक जण कॅमेऱ्यासह स्वच्छतागृहात जातो तेही चित्रपटात आहे. याउक आचरणाने बौद्ध होता; १९९४ च्या अल्बमात त्याने बोधिसत्त्वाच्या व्रतावर गाणे केले होते. कलाकाराकडे पाहणारा एक मध्यवर्ती डोळा काढून टाकून पाहणे ५० जणांत वाटून देण्याची कल्पना अशा माणसाला सुचावी यात नवल नाही, जरी तिच्यामागे स्वस्तात काम उरकण्याचा हिशेब नव्हताच असेही म्हणता येणार नाही. या चित्रपटात पडद्यावरून जे थिएटरात येते ते गर्दीचे पाहणे असते. याउक २०१२ मध्ये वारला आणि त्रिकुटाच्या मैफली थांबल्या, तरी त्या गर्दीत बसण्याची जागा चित्रपटात शिल्लक राहिली.

तेव्हा हात वर जाण्याचे उरलेले अर्धे उत्तर असे: टाळीचा पत्ता शेजारचा माणूस आहे. या उत्तराला सर्वांत नेमकी मांडणी मिळते ती काश्मिरात, दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर. शैव तत्त्वज्ञ अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोका’च्या २८ व्या आह्निकात, म्हणजे अध्यायात, सामूहिक पूजेच्या ओघात गीत-नृत्याच्या सभेचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे असे: संवित्, म्हणजे शुद्ध जाणीव, मुळात सर्वव्यापी आहे, देहांच्या वेगळेपणामुळे ती आकसते. पुष्कळ माणसे एका गोष्टीत रंगली की त्यांच्या जाणिवा एकमेकींत प्रतिबिंबित होतात आणि संवित् पुन्हा फुलते. म्हणून एकट्याने पाहण्यापेक्षा सर्वांनी तन्मय होऊन पाहण्याचा आनंद भरीव असतो. आणि जो तन्मय होत नाही तो गुळगुळीत पृष्ठावरच्या खडबडीत ठिपक्यासारखा खुपतो. त्याला पूजेच्या चक्रात घेऊ नये. या मांडणीत समोरचा नर्तक निमित्त आहे, प्रतिबिंबे प्रेक्षकांची आपसांत पडतात. तो नर्तक आज, आत्ता तेथे असलाच पाहिजे असे यातून निघत नाही. थिएटरातला प्रेक्षक ब्रुकलिनच्या मैफलीला हजर नसतो. तो दोनशे खुर्च्यांच्या एका वेगळ्या मेळ्याला हजर असतो, आणि तेथे त्याच्या असण्याने फरक पडतो. त्याने पहिली टाळी वाजवली तर दुसरी पडते. त्याने मोबाइल उघडला तर तीन रांगा विचलित होतात. खेळाला चारच माणसे आली तर तोच चित्रपट निराळा लागतो, आणि घरी एकट्याने पाहिला तर ही उपस्थिती उरतच नाही.

थिएटरची रचना मात्र या मेळ्याच्या विरुद्ध आहे. रॅपरांचे गोल रिंगण असते, त्यात चेहरे एकमेकांसमोर येतात आणि ऐकणारा कोणत्याही क्षणी बोलणारा होऊ शकतो. थिएटरात खुर्च्या जमिनीला जखडलेल्या, तोंडे एकाच दिशेला, शेजारी अंधारात, आणि वर शांतता पाळण्याची सूचना. २०२३ मध्ये टेलर स्विफ्टच्या मैफलीचा चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेतल्या एएमसी साखळीने प्रेक्षकांना गाण्या-नाचण्याची मुभा दिली; खुर्च्यांवर चढण्याची तेवढी दिली नाही. मुभा मिळाल्यावर दिलेल्या दादेला उत्स्फूर्त म्हणावे की नाही यावर वाद होऊ शकतो. पण चर्चमधला ‘आमेन’ही ठरल्या जागीच येतो, कीर्तनातला गजर बुवांनी सांगितल्यावरच उठतो, आणि हात वर करा हे एमसीला सांगावेच लागते.